कर्टन एअरबॅग उघडताना हँडलचं टोपण उडतंय? हुक वाढवण्याआधी फिल्म बघा

लक्षण असं. दरवाज्याच्या वर, छताच्या कडेला पकडायचं हँडल असतं. त्याच्या दोन्ही पायांवर, आतला स्क्रू किंवा क्लिप झाकायला, एकेक टोपण असतं. अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं. कर्टन एअरबॅगची, म्हणजे धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उतरणाऱ्या एअरबॅगची, चाचणी होते, पडदा झकास खाली येतो, सगळ्यांचे चेहरे खुलतात. मग कुणीतरी मागच्या सीटखाली हात घालून ते टोपण बाहेर काढतं आणि काही न बोलता टेबलावर ठेवतं. चाचणी नापास. प्रवाशांच्या जागेत एकही कठीण तुकडा सुटून येता कामा नये, ही अट जवळजवळ प्रत्येक ग्राहकाच्या, म्हणजे गाडी कंपनीच्या, स्पेसिफिकेशनमध्ये असते, आणि तीन ग्रॅमचं टोपण हाही तुकडाच.

चाकणला इंटिरिअर ट्रिमचं, म्हणजे गाडीच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणांचं, काम करतोय, त्याला चौदा वर्षं झाली. हा प्रकार मी तीन वेगवेगळ्या गाड्यांवर पाहिला. त्यातल्या दोनदा चूक आमच्याच डिझाइनची होती आणि दोन्ही वेळा आम्ही चुकीच्या जागी औषध लावलं. गेल्या महिन्यात भोसरीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथे, बसलो होतो, तर शेजारच्या टेबलावर एक तरुण डिझायनर टूलमेकरला सांगत होता, "हुक अजून पॉइंट तीननं वाढवा." हुक म्हणजे टोपणाला हँडलमध्ये अडकवून ठेवणारा प्लास्टिकचा दात. मोह झाला मध्ये पडण्याचा. तिथे पडलो नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी, हे आत्ताच इतकं का होतंय. पूर्वी कर्टन फक्त वरच्या व्हेरिएंटला असायची. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा आला, नंतर ती तारीख पुढे गेली आणि शेवटी सक्ती झालीच नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप सुरू झालं, आणि तिथे तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर खांबावरच्या आडव्या धडकेची चाचणी आली. त्यामुळे कंपन्या आपणहून खालच्या व्हेरिएंटपर्यंत कर्टन द्यायला लागल्या. गाडीचा सांगाडा तोच, हेडलायनर (छताचं आतलं अस्तर) थोडं बदललेलं आणि हँडल मात्र जुन्या गाडीतून जसंच्या तसं उचललेलं. म्हणजे ज्या हँडलचं डिझाइन करताना मागे पडदा असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, त्याच्या मागे आता पडद्याची गुंडाळी सरकवली जाते. जुन्या वाड्यात लिफ्ट बसवण्यातला प्रकार.

हुक वाढवून काय होतं

टोपण उडालं की पहिला विचार येतो, पकड कमी पडली. हुक थोडा मोठा करा, जास्त आत अडकेल. आम्हीही हेच केलं. पुढच्या चाचणीत टोपण जागेवर राहिलं, रिपोर्ट गेला, विषय मिटला.

मिटला नव्हता. हुक वाढला तसं टोपण बसवायला लागणारं बळही वाढलं. आमच्या असेंब्ली लाइनवर टोपणं बसवणाऱ्या एक ताई होत्या. दोनेक आठवड्यांनी मी तिथून जात होतो तर त्यांनी अंगठा दाखवला. नखाच्या बाजूला कातडी जाड झाली होती. म्हणाल्या, "सर, आधीचं बरं होतं. हे बसतच नाही हो, मग आम्ही याने मारतो." आणि त्यांनी टेबलाखालून रबरी हातोडी काढली.

हातोडीने मारलेलं टोपण काढून उन्हात धरलं. हुकाच्या मुळाशी पांढरी रेघ होती. प्लास्टिकमध्ये काम करणाऱ्याला ती रेघ म्हणजे काय हे सांगायला नको. तिथे माल ताणला गेलाय आणि पुढच्या झटक्याला तो तिथूनच तुटणार. सहा महिन्यांनी उत्पादनातल्या सुट्या भागांवर पुन्हा चाचणी झाली आणि टोपण पुन्हा उडालं. या वेळी हुकासकट, दोन तुकड्यांत.

फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवा

तेव्हा कुठे आम्ही चाचणीची फिल्म नीट बघितली. याआधी बघितली नव्हती असं नाही. पण मीटिंगमध्ये फिल्म चालवतात ती सलग, हळू वेगाने, आणि लोक पडदा कुठवर आला ते बघतात. टोपणावर डोळा ठेवून एकेक फ्रेम कुणीच सरकवली नव्हती.

कॅमेरा सेकंदाला १००० फ्रेमचा होता, म्हणजे एक फ्रेम म्हणजे एक मिलिसेकंद. चौथ्या फ्रेमला हँडलच्या खाली हेडलायनर फुगायला लागलं. सहाव्या फ्रेमला मागच्या पायापाशी हेडलायनरची कापलेली कड बाहेर आलेली दिसली. आठव्याला टोपणाची खालची बाजू उघडली. नवव्याला टोपण हवेत. एअरबॅगचं कापड पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं ते बाराव्या फ्रेमला.

म्हणजे कापडाने टोपणाला स्पर्शसुद्धा केला नव्हता. टोपण उडवलं ते हेडलायनरने. आणि आम्ही सहा महिने हुकाला शिक्षा देत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढचं समजायला तो भाग कापून बघितल्यासारखा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात बाहेर छताच्या कडेचा पत्रा, त्यावर हँडलचं ब्रॅकेट. पत्रा आणि हेडलायनर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कर्टनची गुंडाळी, पुढच्या पिलरपासून (छत पेलणाऱ्या खांबापासून) मागच्यापर्यंत. हेडलायनरची खालची कड दरवाज्याच्या रबरी सीलमध्ये नुसती खोचलेली. गॅस भरला की गुंडाळी फुगते, हेडलायनरला आतल्या बाजूला ढकलते, कड सीलमधून सुटते आणि त्या फटीतून पडदा खाली येतो. हेडलायनर इथे दारासारखं उघडतं. आता या दाराला हँडलने दोन जागी स्क्रूने पत्र्याशी पक्कं केलंय. तेवढ्या दोन जागी ते हलू शकत नाही, म्हणून ते पायाच्या कडेवर टेकून तरफेसारखं वळतं.

आणि तिथे टोपण होतं. स्टायलिंगवाल्यांचा आग्रह असतो की भोक, फट, स्क्रू काहीही दिसता कामा नये. म्हणून टोपणाला चहूबाजूंनी झालर दिलेली. ती पायाच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर जाऊन थेट हेडलायनरवर टेकते. हेडलायनर बाहेर आलं की त्याची कड त्या झालरीच्या मागून दाब देते. सोड्याच्या बाटलीचं बूच ओपनरने काढतात ना, अगदी तसं. अशा वेळी हुक कितीही मोठा करा, तरफेपुढे त्याचं काही चालत नाही.

फिल्ममधून टोपणाचा वेगही मोजला. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये ते साधारण दीड सेंटिमीटर सरकलं होतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ताशी ५० किलोमीटरच्या वर. तीन ग्रॅम म्हणजे काही नाही असं वाटत असेल तर मागच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांची उंची हँडलपासून किती असते ते एकदा टेप लावून बघा.

सायकलच्या ट्यूबचा प्रयोग

एअरबॅग फोडून बघणं महाग पडतं. एका चाचणीत अख्खं हेडलायनर, कर्टन आणि पिलरचं ट्रिम खर्ची पडतं, शिवाय चाचणीच्या जागेची तारीख मिळायला हवी. म्हणून दर बदलाला चाचणी करता येत नाही आणि लोक अंदाजाने हुक वाढवत बसतात.

आम्ही केलेला जुगाड सांगतो. गाडीचा कापलेला छताचा तुकडा प्रोटोशॉपमध्ये, म्हणजे नमुने बनवतात तिथे, पडून असतोच. त्यावर हेडलायनर, सील आणि हँडल नेहमीसारखं बसवायचं, पण कर्टनच्या जागी सायकलची ट्यूब लांब करून घालायची. ट्यूब सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळेल. कंप्रेसरने हळूहळू हवा भरायची आणि टोपणाच्या अगदी जवळ, कडेने, मोबाईल धरून व्हिडिओ घ्यायचा. झालरीच्या खाली आधी खडूची पूड चोळून ठेवा. हेडलायनर कुठे टेकलं त्याचा ठसा उमटतो. आमचं टोपण ट्यूब अर्धीसुद्धा भरायच्या आत 'टक' करून निघालं. सगळ्यांनी आळीपाळीने हवा भरून बघितली, शेजारच्या लाइनवरचेही येऊन गेले.

हा प्रयोग चाचणीची जागा घेत नाही. वेग कळत नाही, थंडी कळत नाही. हेडलायनर कुठून वळतं आणि कुणाला उचलतं एवढंच कळतं. पण मूळ प्रश्न तोच असल्यामुळे दोन महिन्यांचं काम एका दुपारी झालं.

मग बदललं काय

झालर काढून टाकली. टोपण आता पायाच्या भिंतींच्या आत पूर्ण बुडतं, आणि हेडलायनरवर येते ती हँडलच्या पायाची स्वतःची कड. हेडलायनर आता जे काही ढकलेल ते स्क्रूने पत्र्याला धरलेल्या पायाला. टोपणाकडे बळ जातच नाही. हुक परत पहिल्याइतका लहान केला आणि हातोडी टेबलाखालून गेली.

स्टायलिंगला पाय आणि टोपण यांच्यामधली रेघ खुपली. बराच वाद झाला. शेवटी ती रेघ गाडीच्या बाहेरच्या बाजूला, खालून दिसणार नाही अशी वळवली. तरी एकाने आठ दिवसांनी मेल टाकलीच.

टोपणाला हँडलशी जोडणारी बारीक पट्टीही दिली, म्हणजे कुठल्याही कारणाने सुटलंच तर लटकून राहील, उडणार नाही. ही पट्टी एकट्याने भरवशाची नाही, एवढं लक्षात ठेवा. काही जण नुसती पट्टी देऊन मोकळे होतात. याचं कारण थंडीत आहे.

गाडी न धडकवता नुसती एअरबॅग उघडून बघायची स्थिर चाचणी तीन तापमानांना होते: उणे ३५, २३ आणि ८५ अंश. पुण्यात उणे ३५ कुठलं, असं आमच्याकडे दर नवा मुलगा विचारतो. गाडी निर्यात होते, हे एक उत्तर. दुसरं असं की थंडीत लपलेले दोष उघडे पडतात. पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपास चिवटपणा सोडायला लागतं. त्याच्या साध्या प्रकाराची, होमोपॉलिमरची, पट्टी खोलीत हजार वेळा वाकवा, काही होत नाही, आणि गोठलेली पट्टी एका झटक्यात काडीसारखी मोडते. थंडीतही चिवट राहणारा प्रकार, इम्पॅक्ट कोपॉलिमर, घ्या, आणि गेट, म्हणजे साच्यात वितळलेला माल शिरायची जागा, कुठे आहे ते बघा. आमच्या पहिल्या मोल्डमध्ये माल दोन बाजूंनी येऊन नेमका पट्टीवरच जुळत होता. जुळणीची रेघ पट्टीवर म्हणजे तिथून फाडा असं लिहून दिल्यासारखं. गेट एका टोकाला नेलं, रेघ दुसरीकडे गेली.

उलट ८५ अंशाला हेडलायनरचा फोम मऊ पडतो, ते दारासारखं उघडायच्या ऐवजी फुगून बसतं. तिथे त्रास टोपणाचा नसतो, वेळेचा असतो. हँडलचा पाय आणि सील यांच्यामध्ये हेडलायनरची पट्टी फार अरुंद राहिली तरी हेच होतं: आखूड दार उघडायला जड. पडदा हँडलच्या दोन्ही बाजूंनी आधी येतो आणि हँडलखाली मागे राहतो. वेळ किती कमी असतो बघा. खांबाच्या चाचणीत गाडी ताशी २९ किलोमीटरने आडवी सरकत २५४ मिलिमीटर व्यासाच्या खांबावर जाते, म्हणजे दर मिलिसेकंदाला ८ मिलिमीटर. पडदा साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांत डोकं आणि काच यांच्यामध्ये हजर हवा. हँडलपाशी ५ मिलिसेकंद अडकला तर तेवढ्यात गाडी आणखी ४ सेंटिमीटर सरकलेली. उपाय दोनच: हँडल छताच्या मध्याकडे थोडं वर घ्या, किंवा हेडलायनरच्या पाठीमागे, पायाच्या खालून जाणारी एक खाच द्या म्हणजे ते तिथेच वाकेल. पहिला उपाय चांगला, पण तेव्हाच शक्य जेव्हा पत्रा अजून कागदावर असतो.

हँडल वर घेताना एक भान ठेवा. ते ओढायला मजबूत हवं, आजोबा त्याला लोंबकळून उतरणार आहेत. आणि डोकं आपटलं तर तेच नरमही हवं. अमेरिकेतल्या एफएमव्हीएसएस २०१ नियमात डोक्याच्या आकाराचा ठोकळा ताशी २४ किलोमीटरने छताच्या कडेवर आपटतात, आणि हँडलच्या मागे घट्ट ब्रॅकेट असेल तर तिथला डोक्याच्या इजेचा आकडा १००० च्या मर्यादेवर जायला वेळ लागत नाही. युरोपात चालणाऱ्या आर-२१ नियमात डोकं पोचेल अशा कडांना ठरावीक किमान गोलाई लागते. झालर काढल्यावर उघड्या पडलेल्या पायाच्या कडेला आम्ही ही गोलाई द्यायला विसरलो होतो. तपासणीत सापडलं म्हणून बरं.

लाइनवर बघायची एक गोष्ट

काही हँडलना स्क्रूच नसतो. स्प्रिंगची क्लिप पत्र्याच्या चौकोनी भोकात जाते आणि टोपणाच्या पाठीला असलेली पाचर क्लिपच्या मध्ये घुसून तिला फाकवून ठेवते. इथे टोपण म्हणजे नुसतं झाकण नाही, तेच कुलूप. पाचर अर्धी बसली तरी वरून टोपण बंद दिसतं, हँडल ओढलं तरी निघत नाही, आणि चाचणीत टोपण आणि हँडल दोन्ही येतात.

"क्लिक आवाज आला पाहिजे" असं कामाच्या सूचनेत लिहिलेलं असतं. मी त्याच ताईंना विचारलं, आवाज येतो का? त्या हसल्या. "येत असेल सर. शेजारी दिवसभर स्क्रूची गन चालते." लाइनवर आवाजावर विसंबणं हा आमचा कागदी शहाणपणा. पाचरीची लांबी वाढवली. पूर्ण बसली नाही तर टोपण आता ४ मिलिमीटर वर उभं राहतं, आंधळ्यालाही बोटाने कळेल.

गाडी तुमची स्वतःची असेल तर

हँडल खुळखुळतंय म्हणून कुणी गॅरेजमध्ये स्क्रू बदलून देत असेल तर जुना स्क्रू मागून घ्या आणि लांबी जुळवा. लांब स्क्रूचं टोक मागे कर्टनच्या कापडात जाऊ शकतं, आणि ते वर्षानुवर्षं कळत नाही. डॅशकॅमची वायर पुढच्या पिलरवरून नेताना ती पडद्याच्या वाटेत आडवी येणार नाही, मागून जाईल, हे बघा. ड्रायव्हरच्या बाजूला नसलेलं हँडल पत्र्याला भोक पाडून बसवून देणारेही भेटतात. कर्टन असलेल्या गाडीत तिथे ड्रिल लावू देऊ नका. आणि लग्नाला जाताना इस्त्रीचा शालू लाकडी हँगरसकट हँडलच्या हुकाला अडकवतात, तो हँगर नेमका पडद्याच्या तोंडासमोर येतो. कपडा नुसता अडकवा, हँगर डिकीत. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. स्वतः काही उघडायचं असेल तर बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. खरं तर उघडूच नका.

टोपणाआधी कापड दिसलं तर

वरचं सगळं लागू होतं ते फिल्ममध्ये आधी टोपण आणि मग कापड दिसत असेल तर. क्रम उलटा असेल, म्हणजे कापड आधी आणि टोपण नंतर, तर टोपणाला सोडा आणि पडद्याची वाट शोधा. पहिल्यांदा कर्टनची गुंडाळी पिळली गेलीय का ते बघा. तिच्या आवरणावर लांबीच्या दिशेने एक रेघ छापलेली असते. बसवल्यावर ती रेघ टोकापासून टोकापर्यंत एकाच बाजूला दिसली पाहिजे. हँडलपाशी रेघ आत वळलेली दिसली तर पडदा खाली यायच्या ऐवजी हँडलच्या पायावरच आपटतोय.

रेघ सरळ असेल तर ब्रॅकेट काढा आणि त्याच्या खालच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस जिथे अडकला तिथे बर, म्हणजे पत्र्याचं बारीक धारदार टोक, आहे आणि पडदाही तिथेच अडकतो. आमच्या तिसऱ्या गाडीत तो अडकला होता वेल्ड नटच्या शेजारी, बोटाला लागणारही नाही इतक्या बारीक टोकाला. ब्रॅकेटची खालची कड आत दुमडून घसरगुंडीसारखी उतरती केली, प्रेस टूलमध्ये एक स्टेज वाढली, खर्चावरून ग्राहकाशी आठवडाभर घासाघीस झाली, आणि टोपणाला मात्र या वेळी कुणी हात लावला नाही.